स्मार्टफोनच्या कार्यप्रणालीची निवड : वैशिष्ट्ये आणि आयुर्मान

प्रस्तावना

भ्रमणध्वनी संच खरेदी करताना सामान्य ग्राहक किंमत, कॅमेरा, बॅटरी आणि साठवणक्षमता यांची तुलना करतो. यंत्रभाग आणि अ‍ॅप यांना जोडणारी मूलभूत आज्ञावली, म्हणजेच कार्यप्रणाली, ही मात्र संचासोबत आपोआप येणारी बाब समजली जाते. वास्तविक कॅमेऱ्याचा दर्जा खरेदीच्या दिवशीच निश्चित झालेला असतो. कार्यप्रणालीचे मूल्य खरेदीनंतरच्या चार-पाच वर्षांत ठरते. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबाऱ्याचा उतारा अशी कामे ज्या संचावरून होतात, त्याची प्रणाली मध्येच कालबाह्य झाली तर नुकसान केवळ संचाच्या किमतीपुरते राहत नाही. म्हणून अँड्रॉइड आणि आयओएस या आज प्रचलित असलेल्या दोन प्रणालींचा विचार ‘ती कोणाच्या भरवशावर आणि किती काळ चालेल’ या प्रश्नाच्या अंगाने करणे उपयुक्त ठरते.

मागे पडलेल्या प्रणाली

या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात स्मार्टफोन म्हणजे प्रामुख्याने नोकियाचा सिंबियन प्रणालीवर चालणारा संच असे समीकरण होते. व्यावसायिक वर्गात ब्लॅकबेरीला मान होता. २००७ मध्ये अ‍ॅपल कंपनीचा आयफोन बाजारात आला. जुलै २००८ मध्ये तिचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडवरील पहिला संच विक्रीस आला. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियनऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारत असल्याचे जाहीर केले.

विंडोज फोन ही तांत्रिकदृष्ट्या दुबळी प्रणाली नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. २०१३ मधील लुमिया ५२० हा स्वस्त संच अवघ्या ५१२ एमबी रॅमवर सफाईने चालत असे. तरीही ती टिकली नाही. अ‍ॅप तयार करणाऱ्या संस्था ग्राहकसंख्या पाहून प्रणाली निवडतात आणि ग्राहक अ‍ॅप पाहून. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले की ते थांबवणे मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीलाही साधत नाही. नोकियाचा संच-व्यवसाय २०१४ मध्ये ताब्यात घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी तिला सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले.

प्रणाली संपते तेव्हा संच बंद पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने सिंबियनवरील सेवा जून २०१७ अखेर, ब्लॅकबेरी १० वरील डिसेंबर २०१७ अखेर आणि विंडोज फोनवरील डिसेंबर २०१९ अखेर थांबवली. त्यानंतरही या संचांवरून बोलता येत होते, छायाचित्रे काढता येत होती. परंतु ज्या कामासाठी बहुसंख्य लोक स्मार्टफोन घेतात, तेच काम त्यांवरून होईनासे झाले. अल्प उत्पन्न गटातील ग्राहकाला हा फटका अधिक बसतो, कारण त्याने संच अनेक वर्षे वापरण्याच्या हिशेबाने घेतलेला असतो. ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएस प्रणालीचा इंटेक्स क्लाउड एफएक्स हा संच भारतात १,९९९ रुपयांना मिळू लागला होता. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनसाठीचा हा उपक्रम आवरता घेत असल्याचे जाहीर केले. त्याच्या खुल्या संहितेतून पुढे कायओएस घडली आणि २०१७ मधील जिओफोन तिच्यावर चालला, हे खरे. पण तोपर्यंत मूळ संचाच्या ग्राहकाला त्याचा काही उपयोग नव्हता.

दुरुस्तीचा प्रवास

कार्यप्रणालीत सुरक्षेच्या त्रुटी सतत सापडत असतात. त्रुटी जाहीर झाल्यानंतर तिची दुरुस्ती ज्या संचापर्यंत पोहोचत नाही, तो संच चोरासाठी दार उघडे ठेवल्यासारखा होतो. दोन्ही प्रणालींमधील खरा भेद या दुरुस्तीच्या वाटेत आहे.

आयओएसच्या बाबतीत प्रणाली आणि संच दोन्ही अ‍ॅपलचेच असल्याने दुरुस्ती थेट ग्राहकाकडे येते. २०१५ च्या आयफोन ६एस या संचाला २०२१ मधील आयओएस १५ पर्यंतच्या सर्व आवृत्त्या मिळाल्या. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा-दुरुस्ती मिळाली. अर्थात प्रणाली राखली म्हणून अ‍ॅप राहतातच असे नाही. मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपने आयओएस १५.१ पेक्षा जुन्या आवृत्त्यांवरील सेवा थांबवली आणि ५एस त्यातून बाहेर पडला.

अँड्रॉइडचा गाभा खुला असून तो अनेक कंपन्या आपापल्या संचांनुसार बदलून वापरतात. त्यामुळे गूगलने तयार केलेली दुरुस्ती चिप-निर्माता आणि संच-निर्माता यांच्या हातांतून जात ग्राहकापर्यंत येते. ही साखळी सुटसुटीत करण्यासाठी गूगलने २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल ही नवी रचना आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी गूगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. मात्र हे उंची संच आहेत. अनेक स्वस्त संचांना याहून पुष्कळच कमी काळ मिळतो. म्हणजे ‘अँड्रॉइड की आयओएस’ हा प्रश्न अँड्रॉइडच्या बाजूने अपुरा ठरतो. तेथे निवड प्रणालीची नसून कंपनीची आणि नेमक्या मॉडेलची असते.

अपडेटचा काळ बहुधा मॉडेल प्रथम बाजारात आले त्या दिवसापासून मोजला जातो, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. समजा, चार वर्षांचे आश्वासन असलेला संच बाजारात येऊन दोन वर्षे झाल्यावर सणाच्या सवलतीत १२,००० रुपयांना घेतला. त्याचा सुरक्षित वापर वर्षाला ६,००० रुपयांना पडला. सहा वर्षे शिल्लक असलेला २४,००० रुपयांचा संच याच हिशेबाने वर्षाला ४,००० रुपयांना पडतो. जुने आयफोन विकत घेणाऱ्यांनीही हाच हिशेब मांडावा.

इतर विचार

अँड्रॉइडवर अधिकृत दुकानाबाहेरून अ‍ॅप बसवता येते. आयओएसवर ही मोकळीक सर्वसाधारण ग्राहकाला नव्हती. युरोपीय संघात कायद्याच्या दडपणाखाली मार्च २०२४ पासून ती मिळाली. या मोकळिकीचे मोल अभ्यासू वापरकर्त्याला मोठे आहे. तथापि लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती असे भासवून पाठवलेल्या बनावट अ‍ॅपद्वारे बँकखाती रिकामी करण्याचे प्रकार याच वाटेने घडतात, हे घरातील वयोवृद्धांसाठी संच निवडताना ध्यानात घ्यावे. मराठी भाषेच्या दृष्टीने आता कोणत्याही प्रणालीवर अडून बसण्याचे कारण नाही: २०१४ मध्येच अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून आणि आयओएस ८ मध्ये मराठी कळफलक उपलब्ध झाला. एका प्रणालीवरून दुसरीकडे जाताना व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण नेण्याची सोयही २०२१-२२ पासून होऊ लागली; विकत घेतलेली अ‍ॅप मात्र सहसा नव्याने घ्यावी लागतात.

ग्राहकास मिळणारी माहिती

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून संच-निर्मात्याने सुरक्षा-अपडेटचा किमान काळ जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी हा काळ किमान पाच वर्षांचा ठरवला असून, तो मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजला जातो. उशिरा खरेदी करणाऱ्याचे नुकसान त्यामुळे टळते. भारतात संचाच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना छापलेला असतो. अपडेट कधी संपणार ही तारीख मात्र ग्राहकाला कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने शोधावी लागते, आणि ती पैसे मोजण्यापूर्वीच शोधलेली बरी.