घरगुती इंटरनेट रेडिओ

घरगुती इंटरनेट रेडिओ म्हणजे आंतरजालावरून प्रसारित होणारी रेडिओ केंद्रे ऐकण्यासाठी सुटे इलेक्ट्रॉनिक भाग जोडून स्वतःच्या हाताने तयार केलेला संच होय. नेहमीचा रेडिओ हवेतील विद्युतचुंबकीय लहरी अँटेनाद्वारे थेट प्रसारण मनोऱ्याकडून ग्रहण करतो. इंटरनेट रेडिओ मात्र घरातील वाय-फाय जोडणीतून अंकीय स्वरूपातील ध्वनी मिळवतो व त्याचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो. त्यामुळे केंद्र किती दूर आहे याला महत्त्व उरत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील श्रोत्याला रत्नागिरी, सांगली किंवा नागपूर केंद्राचा आवाज गावातील केंद्राइतकाच स्पष्ट ऐकू येऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आज्ञावली आणि संदेशवहन या तिन्ही विषयांची ओळख एकाच उपकरणातून होत असल्याने विद्यार्थ्यांसाठी हा उपयुक्त प्रकल्प मानला जातो.

पार्श्वभूमी

घरी रेडिओ बनवण्याची परंपरा रेडिओइतकीच जुनी आहे. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्या काळात गॅलिना स्फटिकावर चालणारे संच हौशी मंडळी घरीच जुळवत असत. या संचाला बॅटरी लागत नसे. लांब तार, वेटोळे, स्फटिक आणि कानाला लावायचा श्रवणक एवढ्यावर तो चाले. पुढे झडपांचे (व्हॉल्व्हचे) आणि त्यानंतर ट्रान्झिस्टरचे संच आले. भारतात १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ संच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे.

आंतरजालावरून ध्वनी पोहोचवण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील कार्ल मालामूड यांनी १९९३ मध्ये ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ या नावाने केला. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आल्यावर संपूर्ण धारिका उतरवून घेण्याआधीच कार्यक्रम ऐकणे शक्य झाले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस शाउटकास्ट व त्यानंतर आइसकास्ट या प्रणालींमुळे लहान केंद्रांनाही आंतरजालावर प्रसारण करता येऊ लागले.

छंद म्हणून असा संच बनवणे सोपे होण्यास दोन स्वस्त उपकरणे कारणीभूत ठरली. पहिले म्हणजे २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक, आणि दुसरे म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ईएसपी३२ हा वाय-फाययुक्त मायक्रोकंट्रोलर.

छत्रपती संभाजीनगर आणि रेडिओ

औरंगाबाद हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या मोजक्या संस्थानी शहरांत स्वतंत्र रेडिओ केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम आणि हैदराबाद यांच्यासह औरंगाबादचा समावेश होता. १९५० मध्ये हे केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे आले. आज शहरात आकाशवाणीचे केंद्र, खासगी एफएम वाहिन्या आणि महात्मा गांधी मिशन संस्थेचे सामुदायिक केंद्र कार्यरत आहे. एफएम लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर व क्षितिज यांच्यापलीकडे त्या फारशा पोहोचत नाहीत. त्यामुळे शहरातील एफएम वाहिनी दूरच्या तालुक्यांत क्षीण होते आणि कोकण वा विदर्भातील वाहिन्या शहरात ऐकू येत नाहीत. ही मर्यादा इंटरनेट रेडिओ ओलांडतो.

शहराला इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमीही आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा दूरचित्रवाणी संचांचा कारखाना होता. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे (निलिट) केंद्र येथे या विषयाचे शिक्षण दिले जाते. सुटे भाग ऑनलाइन मागवता येतात. शिवाय मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली या त्यांच्या प्रसिद्ध बाजारपेठा आहेत.

आवश्यक भाग

ईएसपी३२वर आधारलेल्या साध्या संचासाठी पुढील भाग लागतात :

१. ईएसपी३२ विकासफलक. यात २४० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन प्रक्रियक आणि ५२० किलोबाइट अंतर्गत स्मृती असते. जोड-स्मृती (पीएसरॅम) असलेला फलक घेतल्यास अधिक चांगले.
२. मॅक्स९८३५७ए हा अंकीय ॲम्प्लिफायर. अंकीय संकेताचे सादृश संकेतात रूपांतर आणि त्याचे वर्धन अशी दोन्ही कामे तो करतो. ५ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला तो सुमारे ३ वॅट शक्ती देतो.
३. ४ किंवा ८ ओहमचा स्पीकर. जुन्या संचातून काढलेलाही चालतो.
४. केंद्र बदलण्यासाठी फिरती कळ आणि नाव दाखवण्यासाठी लहान ओएलईडी पडदा.
५. ५ व्होल्ट व किमान १ अँपिअरचा मोबाइल चार्जर, तसेच विद्युतपुरवठा स्थिर ठेवण्यासाठी ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

कार्यपद्धती

संच सुरू होताच मायक्रोकंट्रोलर घरातील राउटरशी जोडला जातो. त्यानंतर तो निवडलेल्या केंद्राच्या सर्व्हरकडे विनंती पाठवतो. सर्व्हर ध्वनीचा अखंड प्रवाह पाठवू लागतो. हा प्रवाह बहुधा एमपी३ किंवा एएसी या पद्धतीने संक्षिप्त केलेला असतो.

संक्षेपाचे महत्त्व एका हिशेबावरून लक्षात येते. उत्तम प्रतीच्या ध्वनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास १६ बिट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या लागतात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. हाच ध्वनी १२८ किलोबिट वेगाच्या एमपी३मध्ये सुमारे एक-अकरांश जागेत मावतो. मानवी कानाला सहसा न जाणवणारे बारकावे वगळून हे साधले जाते. मायक्रोकंट्रोलर या संक्षिप्त प्रवाहाचे पुन्हा नमुन्यांत विसंकेतन करतो.

हे नमुने आय२एस या तीन तारांच्या मार्गाने ॲम्प्लिफायरकडे जातात. फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एक तार बिटांचा ताल देते, दुसरी तार डावी की उजवी वाहिनी हे सांगते आणि तिसरीतून प्रत्यक्ष माहिती वाहते.

बफरचे स्थान

आंतरजालावरील माहिती एकसारख्या वेगाने येत नाही. स्पीकरला मात्र ती एकसारखीच हवी असते. ही तफावत भरून काढण्यासाठी माहितीचा थोडा साठा स्मृतीत ठेवतात. त्यास बफर म्हणतात. घरातील पाण्याच्या टाकीप्रमाणेच त्याचे काम चालते. नळ काही काळ गेला तरी टाकीत पाणी असेपर्यंत घरातील तोटी वाहत राहते. १२८ किलोबिटचा प्रवाह सेकंदाला १६ किलोबाइट खर्च करतो. म्हणून ३२ किलोबाइटचा बफर जेमतेम २ सेकंद पुरतो, तर जोड-स्मृतीतील ६४० किलोबाइटचा बफर ४० सेकंद तग धरतो. आवाज वारंवार तुटत असल्यास दोष स्पीकरमध्ये शोधण्यापूर्वी बफर तपासणे श्रेयस्कर ठरते.

जोडणी व नेहमीच्या अडचणी

प्रथम सर्व जोडणी ब्रेडबोर्डवर करून पाहावी आणि संच नीट चालल्यावरच सोल्डरिंग करावे. मायक्रोकंट्रोलर व ॲम्प्लिफायर यांची ऋण बाजू (ग्राउंड) एकमेकांना जोडणे आवश्यक असते. मात्र स्पीकरची कोणतीही तार ग्राउंडला जोडू नये, कारण या ॲम्प्लिफायरची दोन्ही टोके सक्रिय असतात. ईएसपी३२च्या सर्वसामान्य फलकावरील ६ ते ११ क्रमांकाच्या पिना अंतर्गत स्मृतीसाठी राखीव असल्याने त्या वापरू नयेत.

वाय-फाय न जुळणे ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. ईएसपी३२ केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतो; राउटर ५ गिगाहर्ट्झवर असल्यास त्याला जाळे दिसतच नाही. संच मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा विद्युतपुरवठा अपुरा असतो, कारण वाय-फाय प्रक्षेपणाच्या क्षणी विजेची मागणी एकदम वाढते. अशा वेळी जाड तार, चांगला चार्जर आणि कपॅसिटर यांनी दोष दूर होतो.

देवनागरी नावे हा मराठी छांदिष्टांपुढील खास प्रश्न आहे. लहान पडद्यांसाठीच्या आज्ञावली सामान्यतः रोमन अक्षरे सुटी सुटी मांडतात. देवनागरीतील मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी त्यांना करता येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक केंद्राचे नाव आधीच चित्ररूपात साठवणे. १२८ × ६४ बिंदूंच्या पडद्यावरील एका चित्राला १,०२४ बाइट लागतात. म्हणजे २० केंद्रांची नावे २० किलोबाइटमध्ये बसतात.

आकाशवाणीचे प्रवाह

प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या सेवेतून आकाशवाणीची अनेक केंद्रे आंतरजालावर ऐकता येतात. हे प्रवाह मुख्यतः एचएलएस पद्धतीचे असतात. २००९ मध्ये ॲपल कंपनीने आणलेल्या या पद्धतीत ध्वनीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि त्यांची सतत बदलणारी यादी सर्व्हर पुरवतो. साध्या एमपी३ प्रवाहासाठी लिहिलेली आज्ञावली ही यादी वाचू शकत नाही. त्यामुळे परदेशी केंद्रे वाजतात आणि आकाशवाणी मात्र मुकी राहते, असा अनुभव येऊ शकतो. एचएलएस व एएसी या दोन्हींना आधार देणारी मुक्त स्रोत आज्ञावली आणि जोड-स्मृतीचा फलक वापरल्यास ही अडचण दूर होते. रास्पबेरी पायवर ती सहसा उद्भवत नाही.

खर्च व कायदेशीर बाजू

६४ किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे २९ मेगाबाइट माहिती वापरतो. रोज ४ तास ऐकल्यास महिन्याला सुमारे साडेतीन गिगाबाइट खर्च होतात.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना स्वतंत्र परवाना लागत नाही. मात्र हा संच केवळ ग्राहक आहे. त्याला एफएम प्रक्षेपक जोडून वस्तीत प्रसारण करणे परवान्याशिवाय बेकायदेशीर ठरते.

मर्यादा

इंटरनेट रेडिओ अनेक दुव्यांवर अवलंबून असतो. वीज गेली की राउटरही बंद पडतो. म्हणून संचाला बॅटरी असूनही, राउटरला पर्यायी वीज नसल्यास आवाज थांबतो. भूकंप, पूर किंवा वादळात जाळे कोलमडल्यास दोन सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टरच उपयोगी पडतो. त्यामुळे घरातील जुना रेडिओ मोडीत काढणे शहाणपणाचे नाही.

केंद्रांचे आंतरजालीय पत्ते पूर्वसूचनेशिवाय बदलतात, ही दुसरी मर्यादा होय. मध्यम लहरींवरील केंद्राची कंप्रता वर्षानुवर्षे तीच राहत असे. प्रवाहाचा पत्ता मात्र एका रात्रीत निकामी होऊ शकतो. बाजारातील तयार संच अशा वेळी उत्पादकाच्या सेवेवर अवलंबून असतात आणि ती सेवा बंद पडल्यास ते निरुपयोगी ठरतात. घरगुती संचात पत्त्यांची यादी मालकाच्याच हाती असते. ती आज्ञावलीत पक्की न लिहिता स्वतंत्र धारिकेत ठेवल्यास, पत्ता बदलल्यावर एक ओळ दुरुस्त करून केंद्र पुन्हा सुरू करता येते. संच बनवणाऱ्यालाच त्याची दुरुस्ती करता येणे हे या छंदाचे खरे फलित मानावे लागेल.