गाडी उचलावी किती?



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास चालतो, साहित्य चालते, अर्थकारणही चालते. तेथे मोटारीच्या स्प्रिंगांचा विषय काढला, की काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. मी इंजिनीअर नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगारांच्या बैठकांत गेले. यंत्राविषयी जे थोडे कळते ते यंत्रावर काम करणाऱ्यांकडून आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. परंतु ज्या वस्तूत माणसाची वर्षभराची बचत गुंतते आणि जिच्यात त्याची बायकामुले बसतात, ती वस्तू समजून घेणे हा सामान्य माणसाचा हक्क आहे असे मी मानतो.

प्रथम हा प्रश्न आपल्याकडे का उद्भवला ते पाहू. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या गावांच्या शिवारात मिहान उभे राहू लागले. आज तेथे संगणकाच्या कचेऱ्या आहेत, विमानदुरुस्तीचे कारखाने आहेत, एम्स आहे. २०१९ साली खापरीपर्यंत मेट्रो आली. तरीही पाळीपाळीने काम करणाऱ्या पुष्कळांना स्वतःच्या वाहनावाचून गत्यंतर नाही. त्यांतल्या काहींनी चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी घेतली आहे. आठवड्याचे सहा दिवस ती वर्धा रोडवरून धावते. सातव्या दिवशी तिला गावच्या शेताची किंवा उमरेडकडच्या जंगलाची वाट धरायची असते. मग कोणीतरी सांगतो, "गाडी दोन इंच उचलून घ्या, कुठेही अडणार नाही." उचलणे म्हणजे लांब स्प्रिंगा किंवा ठोकळे घालून गाडीचा सांगाडा चाकांपासून वर नेणे. ह्या सल्ल्यात खरे किती आणि गैरसमज किती, एवढेच आज पाहायचे आहे.

आपण उदाहरणादाखल २०२३ साली भारतात विक्रीस आलेली पाच दारांची मारुती जिम्नी घेऊ. तिला पुढे आणि मागे असे दोन अखंड दंडे आहेत, ज्यांना आपण अॅक्सल म्हणतो. प्रत्येक दंड्यावर डिफरेन्शियलचा फुगीर गोळा असतो. दंड्यावर गुंडाळीच्या स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांवर सांगाडा. जमिनीपासूनची मोकळी उंची कंपनीने २१० मिलिमीटर सांगितली आहे.

आता नीट लक्ष द्यावे. स्प्रिंग दंड्याच्या वर बसते. तेव्हा स्प्रिंग कितीही लांब केली तरी सांगाडा वर जातो, दंडा जागच्या जागी राहतो. दंड्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती केवळ टायरच्या त्रिज्येवरून. दोन इंचांची उचल घेऊनही डिफरेन्शियलचा गोळा पूर्वी जेथे आपटत होता तेथेच आपटणार!

आपल्या काळ्या मातीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च भरते. त्यातच ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. छोट्या गाडीची चाके त्या चाकोरीत उतरली, की मधला मातीचा उंचवटा थेट दंड्याला भिडतो. येथे उपयोग होतो तो चिखलाच्या नक्षीच्या टायरचा आणि त्याच्या आकाराचा. उंच स्प्रिंगेचा नाही.

मग टायरचा हिशेब करू. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. त्याचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७०४, म्हणजे दंडा अवघा ५ मिलिमीटर वर. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३४, म्हणजे दंडा २० मिलिमीटर वर. पण एवढा टायर घातला, की वेगाचा काटा ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५ च्या आसपास धावत असेल. दीड लिटरच्या इंजिनाला जड चाक फिरवावे लागेल. आणि हे चाक पूर्ण वळवल्यावर कोठे घासते काय, तेही पाहावे लागेल.

तर मग सांगाडा उचलून मिळते काय? मोठ्या टायरला जागा मिळते. पुढचे आणि मागचे टोक चढावाला कमी घासते. आणि बांध ओलांडताना पोट कमी टेकते. जिम्नीच्या दोन दंड्यांमधील अंतर २५९० मिलिमीटर आहे आणि पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन २४ अंश. ढोबळ गणिताने ५० मिलिमीटरच्या उचलीत हा कोन चारेक अंशांनी वाढतो. हा लाभ खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याला रोज बांध ओलांडायचे नाहीत, त्याने त्यासाठी रोज काय मोजावे लागते ते विचारलेच पाहिजे.

पहिली किंमत तोलाची. समजा, डाव्याउजव्या चाकांमध्ये १४०० मिलिमीटर अंतर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे. निम्म्या रुंदीला ह्या उंचीने भागले, की कलंडण्याविरुद्धची ताकद कळते: १.०८. चाके आणि दंडे खालीच राहतात, म्हणून ५० ची उचल गुरुत्वमध्य साधारण ४० ने चढवील असे धरू. आता भागाकार येतो १.०१. म्हणजे सहा टक्क्यांची घट. शेतात ताशी दहाच्या वेगाने ती जाणवणार नाही. वर्धा रोडवर ताशी ८० च्या वेगात समोर एकाएकी दुचाकी आली आणि चक्र झटकन फिरवावे लागले, तर ह्याच सहा टक्क्यांवर मागे बसलेल्या मुलांचा जीव अवलंबून असेल.

दुसरी किंमत सुकाणूची. सायकलचा पुढचा चिमटा किंचित कललेला असतो. हात सोडूनही सायकल सरळ जाते त्यात ह्या कलाचा मोठा वाटा आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. सांगाडा उचलला, की पुढचा दंडा त्याला धरणाऱ्या भुजांसह थोडा फिरतो आणि हा कल कमी होतो. मग गाडी रस्ता सोडून भरकटू लागते, खड्ड्यातून गेल्यावर चक्र थरथरते. त्याचप्रमाणे दंड्याला आडव्या दिशेने धरणारा एक दांडा असतो. उचलीनंतर तो अधिक तिरपा होतो आणि दंडा काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. हे दोन्ही दोष दुरुस्त करता येतात: कल परत आणणारे बुश आणि लांबी कमीजास्त करता येणारा दांडा मिळतो. पण स्वस्त उचलीच्या भावात बहुधा ह्या वस्तू धरलेल्या नसतात. ब्रेकची नळी चाक पूर्ण लोंबले असतानाही ताणता कामा नये. पुढचे दिवे नव्याने खाली वळवावे लागतात, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

एवढे ऐकूनही गरज उरलीच, तर निवड कशी करावी? मागणीपत्रक लिहिताना आम्ही आकडा आधी लिहीत नाही. कोणाला काय नडते ते आधी विचारतो. येथेही तोच क्रम ठेवावा. उंची शेवटी ठरवावी, ओझे आधी ठरवावे.

समजा, एक स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन किलो वजन लागते. मागे लोखंडी बंपर, जादा टायर आणि हत्यारांची पेटी मिळून ६० किलो कायमचे चढवले, तर दोन स्प्रिंगांवर प्रत्येकी ३० किलो येतात आणि गाडीची मागची बाजू १५ मिलिमीटर बसते. अशा गाडीला जास्त ओझ्याची स्प्रिंग घेणे योग्यच. पण तीच कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली, तर गाडी विकत घेतली त्याहून जास्त उंच राहते आणि प्रत्येक खड्ड्यात बसणाऱ्याचे मणके हादरतात. म्हणून दुकानदाराला "किती इंच?" असे विचारू नये, "माझ्या गाडीवर रोज एवढे किलो असतात, त्याला कोणती स्प्रिंग?" असे विचारावे. उत्तर किलोमध्ये न देता केवळ इंचांत देणाऱ्याचे दुकान सोडावे.

उचलीचे प्रकार मुख्यतः तीन. मूळ स्प्रिंगेखाली किंवा वर ठोकळा घालणे सर्वांत स्वस्त; पण शॉकअप जुनाच राहिला तर तो आधीच निम्मा ताणलेला असतो, चाकाला खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही आणि उंचवट्यावर चाक हवेत लटकते. दुसरा प्रकार जुळणीच्या स्प्रिंगा आणि तेवढ्याच लांबीचे शॉकअप एकत्र बसवण्याचा. घ्यायची तर हीच उचल घ्यावी. तिसरा, सांगाडा तसाच ठेवून त्यावरची बॉडी ठोकळ्यांवर चढवणे. त्यात पोटाची उंची वाढतच नाही, फक्त टायरला जागा मिळते. ताडोबाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सीला गुंडाळीऐवजी पाटे होते. पाटे बसलेल्या जुन्या जिप्सीला उचलीआधी नवे पाटे घालून पाहावेत; गेलेली उंची पुष्कळदा तेवढ्यानेच परत येते.

कायद्याचेही ऐकले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ अ अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. लक्षात घ्यावे, दुकानदार विकून मोकळा होतो. ह्या कलमाखाली उभा राहतो तो मालक. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न काढू शकते. म्हणून खर्च करण्यापूर्वी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाची किंमत कामगारांना सांगायला नकोच.

आणखी एका माणसाचा विचार राहिला: स्प्रिंग बसवणाऱ्या मुलाचा. वर सांगितलेली स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात साठलेली शक्ती बावीस किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी असते. दाबणारा शिकंजा सटकला, तर बोटे जातात, जबडा फुटतो. ज्या गॅरेजात धड शिकंजा नाही, गाडीखाली भक्कम घोड्या नाहीत, नुसत्या जॅकवर गाडी तोलून मुले खाली सरकतात, तेथे काम देऊ नये, मग मजुरी दोनशे रुपयांनी कमी का असेना. ते दोनशे रुपये त्या मुलाच्या हाडांतून वाचवलेले असतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी चांगले टायर, कंपनीच्या मापाचेच पण चिखलाला योग्य. मग गाडीखाली गोळ्याला आणि टाकीला जाड पत्र्याचे संरक्षण. मग थकलेले शॉकअप बदलणे. मग वाट पायी उतरून पाहण्याची सवय, जिला एक पैसा लागत नाही. एवढे करून एक पावसाळा काढावा. त्यानंतरही पोट टेकत असेल, तर कायद्याने चालेल तेवढीच आणि ओझ्याला जुळणारी थोडी उचल, सर्व दुरुस्त्यांसह घ्यावी.

रोज कामावर नेणाऱ्या गाडीने संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना सुखरूप परत आणले पाहिजे. गाडीची उंची ह्या एकाच मापाने ठरवावी. त्या मापाने हिशेब केला, तर बहुतेकांच्या गाडीला हवी असलेली उचल दोन इंचांहून पुष्कळ कमी निघेल, आणि अनेकांची तर शून्य.