एकसामयिक रेषीय समीकरणे व प्रतिस्थापन पद्धत : भास्कराचार्यांच्या एका उदाहरणाच्या आधारे

प्रस्तावना :
दोन चलांतील एका रेषीय समीकरणाला अनंत उकली असतात. अशी दोन समीकरणे एकाच वेळी सत्य ठरविणारी जोडी मात्र सर्वसाधारणतः एकच असते. थेरगावच्या परिसरातील एखाद्या लघुउद्योगात लेथ आणि ड्रिलिंग यंत्रांचे उपलब्ध तास पूर्णपणे वापरून दोन प्रकारचे सुटे भाग किती करावेत, हा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. प्रतिस्थापन पद्धत केवळ पायऱ्यांचा क्रम म्हणून शिकविली, तर तिच्यामागील विचार निसटतो.

भास्कराचार्यांचे उदाहरण :
भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात पुढील आशयाचे उदाहरण येते : दुसऱ्याने शंभर दिल्यास पहिल्याचे धन दुसऱ्याच्या दुप्पट होते, पहिल्याने दहा दिल्यास दुसऱ्याचे धन पहिल्याच्या सहापट होते. दोघांची धने अनुक्रमे क्ष आणि य मानल्यास,

क्ष + १०० = २(य − १००) ... (१)
य + १० = ६(क्ष − १०) ... (२)

समीकरण (१) वरून क्ष = २य − ३००. ही किंमत (२) मध्ये ठेवल्यास य + १० = ६(२य − ३१०), म्हणजेच ११य = १८७०. म्हणून य = १७० आणि क्ष = ४०.

भास्कराचार्यांनी एकच अव्यक्त घेतले. शंभर दिल्यानंतर दुसऱ्याजवळ उरणारे धन 'या' मानले, की मूळ धने २या − १०० आणि या + १०० अशी होतात. पहिली अट या मांडणीतच पूर्ण होते. दुसऱ्या अटीवरून या + ११० = ६(२या − ११०), म्हणून या = ७० आणि धने पुन्हा ४० व १७० येतात.

अध्यापनातील उपयोग :
क्ष ची किंमत विद्यार्थ्याने पुन्हा (१) मध्येच ठेवली, तर २य − २०० = २य − २०० हे नित्यसमीकरण मिळते. येथे आकडेमोड चुकलेली नसते. पहिल्या अटीतील माहिती अगोदरच वापरून झालेली असते. दुसऱ्या समीकरणात किंमत ठेवूनही नित्यसमीकरणच आले, तर दोन्ही अटी वस्तुतः एकच असून उकली अनंत असतात. ० = ५ यासारखी विसंगती आल्यास उकल नसते.

निष्कर्ष :
प्रतिस्थापन म्हणजे एक अट चलाच्या रूपात सामावून घेऊन दुसरीला सामोरे जाणे होय. प्रत्येक पायरीला कोणती अट वापरली गेली आणि कोणती उरली, हे विद्यार्थ्याकडून वदवून घेतल्यास अनंत उकली किंवा उकल नसणे या स्थिती त्याला निराळे नियम म्हणून पाठ कराव्या लागत नाहीत.