वीस किलो उतरवताना शरीरात आणि घरात काय काय बदलतं?

अमेरिकेतून बदली होऊन तुम्ही सिंगापूरला आलात, तर पहिल्याच आरोग्य तपासणीत एक गंमत होते. तिकडे बीएमआय २४ म्हणजे 'नॉर्मल' होता. इथे त्याच आकड्यापुढे 'मध्यम जोखीम' असं लिहून येतं. प्रवासात तुमचं वजन वाढलेलं नसतं, फक्त मोजायची पट्टी बदललेली असते.

या पट्टीचा इतिहासही सिंगापूरशीच जोडलेला आहे. आशियाई लोकांना कोणता बीएमआय लागू करावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक जुलै २००२ मध्ये इथे झाली. तिचा अहवाल २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २३ व २७.५ हे आकडे धोक्याच्या खुणा म्हणून पुढे आले. २००५ मध्ये सिंगापूरने ते स्वीकारले. तुमची उंची १६५ सेंटिमीटर असेल, तर पहिली खूण साधारण साडेबासष्ट किलोवर येते आणि दुसरी पंचाहत्तर किलोवर.

आपल्यासाठी पट्टी कडक का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांनी मिळून २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापलं. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त असा हा आपला भारतीय बांधा आहे.

आता समजा, तुमची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९५ किलो आहे. डॉक्टरांनी वीस किलो उतरवायला सांगितलं. आठवड्याला अर्धा किलो या बेताच्या वेगाने चाळीस आठवडे लागतील. त्यात एक गणपती, एक दिवाळी आणि भारताची एक वारी नक्की येणार. आणि एवढं सगळं करून तुम्ही कुठे पोचाल? ७५ किलोवर, म्हणजे बरोबर २७.५ च्या रेषेवर. तक्ता अजूनही लालच दिसणार. मग उमेद टिकायची कशी?

तक्ता एक सांगतो, रक्त दुसरं

अमेरिकेतला मधुमेह प्रतिबंधाचा मोठा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले तीन हजारांहून जास्त लोक होते. एका गटाला दोनच उद्दिष्टं दिली होती: वजन ७ टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा. सरासरी तीनेक वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं.

९५ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेसहा-पावणेसात किलो. वीसातले पहिले सात किलो उतरतात तेव्हा आरशात फारसा फरक दिसत नाही, पण मोठा फायदा तिथेच सुरू झालेला असतो. म्हणून काट्याच्या जोडीने कंबरेचा घेर, रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांचीही नोंद ठेवा. काटा हटून बसतो तेव्हा यातलं काहीतरी पुढे सरकत असतं.

काटा हटून का बसतो?

पहिल्या पंधरा दिवसांत दोन-तीन किलो झपकन उतरतात. त्यातला बराच भाग पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. चरबी उतरायला त्यानंतर वेळ लागतो.

सिंगापूरच्या दमट हवेत चालून आलं की टी-शर्ट पिळून काढता येतो आणि चरबीच वितळली असं वाटतं. पण घामावाटे जातं ते पाणी आणि मीठ. चरबी जाते ती मुख्यतः श्वासावाटे. दहा किलो चरबी शरीराने वापरली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. हा हिशोब २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला होता.

तीन-चार महिन्यांनी काटा थांबतो. त्याची दोन कारणं. एक साधं: हलक्या देहाला चालायला, जिने चढायला आणि नुसतं बसायलाही कमी ऊर्जा लागते. सुरुवातीला जो आहार कमी होता तोच आता पुरेसा होतो. दुसरं कारण जास्त चिवट आहे. चरबी कमी झाली की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन कमी होतं, मेंदू त्याचा अर्थ 'दुष्काळ पडला' असा लावतो, भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो.

'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास केविन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते आणि विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करेल अशी अपेक्षा होती, त्यापेक्षा ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करत होतं. इतक्या टोकाला गेलेल्या लोकांचं उदाहरण तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही, पण दिशा तीच. तेव्हा काटा थांबला की 'माझ्यातच चिकाटी नाही' असं म्हणू नका. आहार आणि हालचाल यांचा हिशोब नव्या वजनाने मांडायची वेळ आली, एवढंच समजा.

उमेद आटते, सवय उरते

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांत जमलं, तर कुणासाठी हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाक्य विसरा.

सवय लहान आणि ठरलेल्या जागी असेल तर टिकते. सिंगापूरमध्ये अशी एक जागा रोज भेटते: कोपीची टपरी. नुसती 'कोपी' मागितली की कंडेन्स्ड मिल्क येतं. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखरेची. 'सिउ दाइ' म्हटलं की गोड कमी आणि 'कोसोंग' म्हटलं की साखर शून्य. दिवसाला तीन कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर सहा चमचे म्हणजे जवळजवळ शंभर कॅलरी एका शब्दाने वाचतात. डिसेंबर २०२२ पासून बाटलीबंद पेयांवर आणि वर्षभराने ताज्या पेयांनाही ए ते डी अशी न्यूट्री-ग्रेड श्रेणी लागू झाली आहे. डी दिसलं की हात मागे घ्यायचा, एवढा नियम पुरतो.

हॉकर सेंटरमध्ये भात-भाजीच्या गाड्यावर भात अर्धा आणि भाज्या दोन सांगा, वरून ग्रेव्ही घालू देऊ नका. शाकाहारी असाल तर टाउ क्वा, म्हणजे घट्ट टोफू, आणि टेंपे यांच्याशी मैत्री करा. टाउ क्वाची भुर्जी आपल्या फोडणीत छान लागते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम लागतोच.

चालण्यासाठी सूर्य उगवायच्या आधीची वेळ धरा. इथे बाराही महिने तो सातच्या आसपास उगवतो, म्हणजे सहा वाजता गारवा असतो. पावसात एचडीबी इमारतींना जोडणारे छताखालचे रस्ते आहेतच. २०१५ पासूनच्या नॅशनल स्टेप्स चॅलेंजमध्ये पावलांच्या बदल्यात व्हाउचर मिळू लागले. त्यांचा फायदा जरूर घ्या, पण ती पाडाची शिडी समजा. आंबा हाती आला की शिडी नसली तरी चाललं पाहिजे.

ज्याची कोणी आधी कल्पना देत नाही

सर्वांत महत्त्वाचं आधी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर वजन आणि आहार कमी होताना साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही उठताना चक्कर येऊ शकते. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका. मोहीम सुरू करतानाच डॉक्टरांना सांगा आणि मधून मधून दाखवत राहा.

दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतील, तर घाबरू नका. शरीरावर ताण आला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग गळतात. बहुतेकदा ते परत येतात, मात्र प्रथिनं आणि लोह कमी पडू देऊ नका. फार वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, तर घरगुती उपाय करत बसू नका.

ऑफिसमधला एसी अचानक झोंबू लागतो. अंगावरचं पांघरूण पातळ झालेलं असतं आणि आतली शेगडीही मंद झालेली असते. खुर्चीवर एक शाल ठेवा. अंगठी, पाटल्या सैल होतात, समुद्रात पोहताना अंगठी गेल्याचं कळतसुद्धा नाही. कपडे दर पाच किलोंना नवे घेऊ नका, टेक्का सेंटरच्या वरच्या मजल्यावरच्या शिंप्यांकडून आत घालून घ्या. पोटावरची, दंडावरची कातडी थोडी लोंबेल. ती व्यायामाने पूर्ण आवळत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

घरातलं वारं

भारतात गेलात की काकू, मामी पहिला प्रश्न विचारणार: "अगं, किती वाळलीस! बरं नाही का?" आणि दुसऱ्या हाताने ताटात पुरणपोळी वाढणार. तो प्रेमाचा आग्रह असतो, त्याच्याशी भांडण नको. "मामी, अर्धी द्या, पण तुमच्या हातची द्या," हे "माझं डाएट आहे"पेक्षा सहज पचतं. दीक्षित की दिवेकर हा वाद तर जेवणाच्या टेबलावर सुरूच करू नका. जी पद्धत तुम्हाला वर्षभर पाळता येते तीच तुमची. घरी स्वयंपाक मदतनीस ताई करत असतील तर आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत मोजून द्या.

मुलांपुढे मात्र जपून बोला. सिंगापूरने १९९२ मध्ये शाळांत 'ट्रिम अँड फिट' योजना आणली. जास्त वजनाच्या मुलांना वेगळा व्यायाम असे. वजनदार मुलांचं प्रमाण खाली आलं, पण योजनेची इंग्रजी आद्याक्षरं उलटी वाचली की 'फॅट' होतं, हे मुलांनी लगेच हेरलं आणि चिडवाचिडवी सुरू झाली. २००७ मध्ये योजना बंद करून सर्वंकष आरोग्यावर भर देण्यात आला. लाज वाटून माणूस काही दिवस धावतो, पण जन्मभर नाही. हे मुलांना लागू आहे, तसंच आरशासमोर उभं राहून स्वतःला बोल लावणाऱ्या तुम्हालाही.

वीस किलो उतरले. पुढे?

आता सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही आली आहेत. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. वजन कसंही उतरवा, ते राखणं हे वेगळं काम आहे.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून जास्त उतरवून ते वर्षभर तरी राखलेले हजारो लोक तिच्यात आहेत. त्यांनी वजन उतरवलं वेगवेगळ्या वाटांनी, पण राखण्याच्या सवयी बऱ्याचशा सारख्या. बहुतेक जण न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, टीव्ही कमी पाहतात आणि रोज सुमारे तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात.

तेव्हा ७५ वर पोचलात की वहीत एक ओळ लिहून ठेवा: "७८ दिसले की डॉक्टरांची वेळ घ्यायची." तीन किलो परत येणं हा अपयशाचा निकाल नाही, ती आधी मिळालेली सूचना आहे. वीस किलोंपेक्षा तीन किलोंशी झुंजणं केव्हाही सोपं.