पेल्यातल्या पाण्याची शंभर वर्षं

1880चं दशक नुकतंच लागलं होतं. व्हिएन्नातल्या एका विशीतल्या मुलीनं ऐन उकाड्यात पाणी पिणं सोडलं. तहानेनं जीव कासावीस व्हायचा, पण पेला ओठांना लागला की ती तो दूर ढकलायची. सहाएक आठवडे टरबुजासारख्या फळांवर काढले. मग एकदा संमोहनासारख्या अवस्थेत ती डॉ. योझेफ ब्रॉयर यांच्यापुढे बोलली. सोबतीला ठेवलेल्या बाईंचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिनं पाहिला होता. किळस आली, पण भिडेखातर ती गप्प राहिली. आता मनातला सगळा संताप ओकला, पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली.

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी 1895 साली ही हकीकत ‘अॅना ओ.’ या नावानं छापली. लक्षणाचं मूळ दडपलेल्या आठवणीत असतं, हा फ्रॉइडचा निष्कर्ष. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉटसनला हे पटण्यासारखं नव्हतं. 1920 साली बाल्टिमोरमध्ये त्यानं एका तान्ह्याच्या कानाशी लोखंडी कांब ठणाणा वाजवून त्याला पांढऱ्या उंदराला भ्यायला शिकवलं. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं, पण ती घालवण्याची तसदी त्यानं घेतली नाही. ती घेतली मेरी कव्हर जोन्स यांनी. 1924 साली त्यांनी पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला. घास भरवता भरवता भूभू दाखवणाऱ्या आजीला हे शिकवावं लागलं नसतं!

1955च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं तिसरं टोक धरलं: त्रास घटनेनं होत नाही, तिच्याबद्दलच्या हटवादी समजुतीनं होतो. अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळे हा माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. दरम्यान मनाच्या आजारांवर औषधं आली. पण नुसतं शरीर नको; शरीर, मन आणि समाज एकत्र पाहा, असं 1977 साली डॉक्टर जॉर्ज एंगेलनं बजावलं.

1990 साली सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ मांडली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक कळणं आणि ती जाण विचारात, वागण्यात वापरणं, एवढाच मूळ ऐवज. याच विषयावरच्या गोलमनच्या 1995च्या पुस्तकानंतर तो कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिरला आणि पुष्कळदा ‘हसून साजरं करा’ इतकाच उरला. हे मला चुकीचं वाटतं. त्या मुलीनं हसून साजरंच तर केलं होतं; किळस आली हे तिला सांगता आलं नव्हतं.

एका पेल्यानं ती बरी झाली, हेही खरं नाही. ब्रॉयरचे उपचार संपल्यावर तिला आरोग्यधामात राहावं लागलं. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुढे तिनं जर्मनीत निराधार मुलींसाठी काम केलं, 1904 साली ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. 1954 साली पश्चिम जर्मनीनं तिचं टपाल तिकीट काढलं, ते या कामासाठी.