काउंटरखालची डबी

पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे कुठल्याही सराफ कारागिराला माहीत असतं. म्हणूनच चेहऱ्याला लावायच्या क्रीमसोबतच्या चिठ्ठीत ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ असं लिहिलेलं आढळलं, तर दागिन्यांची नव्हे, स्वतःची काळजी करायला हवी. पारा असलेलं क्रीम ओळखण्याच्या ज्या खुणा जागतिक आरोग्य संघटनेने दिल्या आहेत, त्यात ही सूचनाही आहे. असं क्रीम बऱ्याचदा राखाडी किंवा मलईच्या रंगाचं असतं. खोक्यावर घटकांची नावं असलीच, तर त्यात कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड असे शब्द सापडतात. बहुतेक वेळा मात्र नावंच नसतात.

छत्रपती संभाजीनगरातला औरंगपुरा ही नावालाच एक पेठ आहे. गिऱ्हाईक तिथे निम्म्या मराठवाड्यातून येतं. पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीला यावं, तिथून फुले पुतळ्याकडे वळावं. सरस्वती भुवनचं आवार, जिल्हा परिषद, पुस्तकांची दुकानं, भाजी मंडई आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी गर्दी. कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूरहून शिकायला आलेल्या मुली इथेच खरेदी करतात आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबंही इथेच फिरतात. टिकल्या, बांगड्या, मेंदीचे कोन, वरून लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, आणि दर्शनी कपाटात नावाजलेल्या कंपन्यांच्या ट्यूब. हा सगळा माल उघड्यावर विकला जातो. मी लिहितोय ते काउंटरखालच्या खणातून निघणाऱ्या मालाबद्दल.

अशाच एका दुकानात एक आई मुलीला घेऊन उभी होती. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार होते. दुकानदाराने आधी कपाटातली ट्यूब दाखवली. ‘याने किती दिवसांत फरक पडेल?’ आईने विचारलं. महिना-दीड महिना ऐकून तिने मान हलवली. मग त्याने खण उघडला आणि एक छोटी पांढरी डबी काढली. झाकणावर गोऱ्या बाईचं चित्र, खाली परदेशी वाटावं असं नाव. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ‘हे पार्लरवाल्या नेतात, ताई. आठ दिवसांत फरक. फक्त मध्येच सोडायचं नाही. सोडलं की परत काळं पडतं.’ मुलगी एक शब्द बोलली नाही. आईने डबी घेतली.

या धंद्यात ‘फरक’ हाच परवलीचा शब्द आहे. गोरेपणा विकला जातो असं आपण म्हणतो, पण खरं तर विकला जातो तो वेग. आठ दिवसांत चेहरा उजळवणारं, आणि सोडलं की उलटणारं, असं त्या डबीत काय असू शकतं? वैद्यकशास्त्राकडे याची दोन ठळक उत्तरं आहेत. एक स्टेरॉईड, दुसरा पारा.

आधी स्टेरॉईडचं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधं इसब किंवा सोरायसिससारख्या आजारात फार उपयोगी पडतात, पण ठरावीक दिवस, ठरावीक जागी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. ती चेहऱ्याला लावली की दाह आणि लाली ओसरते आणि त्वचा काही दिवस नितळ, उजळ दिसते. मग ती पातळ होऊ लागते, खालच्या रक्तवाहिन्या लाल रेघांसारख्या दिसतात, पुटकुळ्या उठतात, नको तिथे केस येतात. क्रीम थांबवलं की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होते. बाई घाबरून परत तीच डबी उघडते. दुकानदाराचं ‘सोडायचं नाही’ हे वाक्य याच फेऱ्याचं वर्णन आहे, त्याला ते कळत असो वा नसो.

त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांत केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉईड लावत होते. त्यातले २९ टक्के ते गोरं होण्यासाठी किंवा रोजचं साधं क्रीम म्हणून वापरत होते आणि ५९ टक्क्यांहून अधिक जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टेरॉईडना ‘शेड्यूल एच’मध्ये आणलं. म्हणजे आता ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम चांगला आहे, पण तो औषध दुकानापुरता. नाव नसलेल्या डबीला कुठलं शेड्यूल लागणार?

इथपर्यंत आपण कसे आलो, हे पाहताना १९७५ हे साल पुन्हा पुन्हा समोर येतं. त्याआधीही ‘स्नो’ होते; मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांच्या अफगाण स्नोची निळी बाटली अनेक आज्ज्यांच्या आठवणीत आहे. पण १९७५ साली हिंदुस्तान लीव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली आणि गोरेपणा हे एका ट्यूबचं आश्वासन झालं. त्याच वर्षी विकोचं हळदीचं क्रीम आलं. नागपूरहून मुंबईत आलेल्या केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी दंतमंजन दारोदार विकत वाढली. तिने हळदीच्या कार्यक्रमातली नवरी जाहिरातीत आणली आणि क्रीम महाराष्ट्रातल्या घराघरांत जाऊन बसलं. हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. अबकारी करासाठी ही रेषा इतकी वर्षं, इतक्या बारकाईने तपासली गेली. गिऱ्हाइकाच्या त्वचेसाठी तेवढी चिकाटी कुणी दाखवल्याचं मला दिसलं नाही.

१९७५ मध्येच अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी काळे डाग घालवणारं एक मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड. डागांच्या उपचारासाठी ते महत्त्वाचं संशोधन होतं. आपल्याकडे त्याच धर्तीची मिश्रणं पुढे औषध दुकानांतून ‘गोरं होण्याची ट्यूब’ म्हणून मागितली जाऊ लागली. आणि याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम वर्षभर आधीच सुरू केलं होतं. म्हणजे माल आणि मालाला प्रश्न विचारणारी चळवळ एकाच सुमारास जन्मली. वजन-माप, भेसळ, भाववाढ यांवर चळवळ लढली. चेहऱ्याला लावायची वस्तू मात्र बायकांची खासगी बाब समजून बाजूला राहिली असावी, असं मला वाटतं.

जाहिरातींवर लढाई झाली, आणि ती मुख्यतः स्त्रियांच्या संघटनांनी लढली. क्रीम लावून गोरी झाल्यावर मुलीला नोकरी मिळते आणि बापाची मुलगा नसल्याची खंत मिटते, अशा जाहिरातीविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली. अखेर २००३ मध्ये तशा जाहिराती थांबल्या. २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळं क्रीम आलं. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये असे संकेत घालून दिले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या लाटेत फेअर अँड लव्हलीतलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. हे यश मी कमी लेखत नाही. पण काउंटरखालच्या डबीला त्याचा ओरखडाही उठलेला नाही, कारण तिची जाहिरातच नसते. ती पार्लरमधल्या ताईंच्या, मावसबहिणीच्या, होस्टेलमधल्या रूममेटच्या शब्दावर खपते. टीव्हीवरच्या बाईपेक्षा या बायकांवर विश्वास जास्त. आणि गोरं होण्याची गरज घरानेच आधी रुजवलेली असते. स्थळाच्या माहितीपत्रात रंगाचा रकाना भरणारे हात आपलेच असतात.

आता पाऱ्याकडे येतो. सावळ्या आणि गोऱ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारं टायरोसिनेज हे विकर पारा बंद पाडतो. रंग उतरतो, तोही झपाट्याने. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीतून जाऊ लागतात. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पाय सुजणं ही त्याची लक्षणं. झोप उडणं, चिडचिड, हात थरथरणं हीसुद्धा पाऱ्याचीच लक्षणं. आणखी वाईट म्हणजे त्याची वाफ होते आणि तो टॉवेल-उशीवरून घरातल्या इतरांपर्यंत, तान्ह्या मुलांपर्यंतही पोहोचतो.

हे आपल्यापासून लांब घडलेलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. तिघीही स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या गाळणीच्या विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांत ‘नेल-१’ हा विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम लावत होते. यात दिलासा एवढाच की क्रीम वेळेत थांबवलं तर अनेकांचं मूत्रपिंड सावरतं. मात्र त्यासाठी डॉक्टरांनी ‘चेहऱ्याला काय लावता?’ हे विचारायला हवं आणि बाईने ते न लाजता सांगायला हवं.

कायदा अगदीच आंधळा नाही. डोळ्यांभोवतीची काही प्रसाधनं सोडली, तर सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागाहून जास्त चालत नाही. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत हवी. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवा. पण ही प्रसाधनं विकणाऱ्या दुकानाला परवानाच लागत नाही. औषध दुकानात फार्मासिस्ट असावा लागतो, औषध निरीक्षक येऊन बिलं बघू शकतो. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानाला तो धाक नाही. भोक आहे ते इथे, आणि डबी नेमकी तिथूनच आत येते.

पार्लरमधल्या बायकांना या गोष्टीत खलनायिका करणं सोपं आहे. मला ते पटत नाही. घरातल्या एका खोलीत आरसा आणि खुर्ची टाकून संसाराला हातभार लावणारी ही बाई डबीतला माल दिवसभर उघड्या बोटांनी लावते. सगळ्यात जास्त तो तिच्याच अंगात जातो. तिला प्रशिक्षण देणाऱ्या वर्गात फेशियलचे प्रकार शिकवतात. खोक्याची मागची बाजू वाचायला कोण शिकवतं? हातमोजे घालावेत, बिलाशिवाय क्रीम घेऊ नये, गिऱ्हाइकाचे पाय सुजले तर तिला घाटी रुग्णालयात पाठवावं, एवढं एका दुपारी सांगून होईल.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि ‘आठ दिवसांत फरक’ मागणाऱ्यांची रांग वाढते. अन्न व औषध प्रशासनाने त्याआधी औरंगपुरा, गुलमंडी आणि परिसरातल्या दुकानांतून बिननावाच्या डब्यांचे नमुने उचलावेत, पारा आणि स्टेरॉईड दोन्ही तपासावेत आणि काय निघालं ते स्थानिक वर्तमानपत्रांत नावानिशी छापून आणावं. घाऊक विक्रेत्याने बिल दाखवलं नाही, तर माल तिथेच जप्त करावा. आणि ज्या घरात अशी डबी आहे, त्यांनी ती कचऱ्यात फेकू नये. घट्ट बंद करून, पिशवीत घालून, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. तिच्यात काय आहे हे कळलं, तर उपचाराची दिशा ठरते.