उस्मानाबादी शेळी आणि ‘सगळे बदला’

मागच्या वेळी आपण साध्या मजकुराच्या फाइलींत शब्द कसा शोधायचा ते पाहिलं. आज वर्डच्या फाइलींकडे येऊ. काम वरवर तेच दिसतं: शेकडो फाइली आहेत, त्यांतला एक शब्द काढून दुसरा घालायचाय, आणि तोही हाताने नाही, प्रोग्रॅम लिहून.

उदाहरण ओळखीचं घेऊ. 2023 साली उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. एका संस्थेच्या पत्रांच्या नमुन्यांत आणि अहवालांत हे नाव बदलायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. आठवडा गेला.

आधी फाइल आतून बघू. डॉकएक्स ही एक फाइल नसते, ती झिप केलेली पिशवी असते. एखाद्या फाइलची प्रत काढा, नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या बऱ्याच फाइली दिसतील. मुख्य मजकूर एकीत, पानाचा मथळा दुसरीत, तळटीपा तिसरीत. त्यामुळे फक्त मुख्य फाइल बदलली की पत्रात धाराशिव येतं आणि वर लेटरहेडवर उस्मानाबाद तसंच राहतं.

आता मुख्य फाइलीत परिच्छेद असतात, आणि परिच्छेदाच्या आत ‘रन’ असतात. रन म्हणजे एकाच धाटणीच्या अक्षरांचा तुकडा. ठळक शब्द आला की नवा तुकडा, हे समजण्यासारखं आहे. पण वर्ड इतर कारणांनीही तुकडे पाडतं. कुणी अर्धा शब्द आज टाइप केला आणि उरलेला उद्या दुरुस्त केला, तर दोन्ही भागांवर वेगवेगळे क्रमांक पडू शकतात. शुद्धलेखन तपासणीची खूण मधे आली, तरी तुकडा पडतो. म्हणजे पडद्यावर ‘उस्मानाबाद’ अखंड दिसतं, आत मात्र ‘उस्मा’ एका रनमध्ये आणि ‘नाबाद’ दुसऱ्यात. (हशा) हो, नाबादच. रन एकेक करून शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते सापडत नाही, आणि तो तक्रारही करत नाही. काम झालं असं सांगून मोकळा होतो.

मग सुचणारा उपाय म्हणजे अख्ख्या परिच्छेदाचा मजकूर घ्यायचा, बदलायचा, परत ठेवायचा. पायथन-डॉक्समध्ये हे एका ओळीत होतं. पण तसं केलं की सगळे रन जाऊन एकच उरतो, आणि मधले ठळक, तिरपे, अधोरेखित शब्द सपाट होतात.

योग्य रीत अशी. रनमधला मजकूर जोडून एक लांब ओळ करायची, आणि कुठलं अक्षर कुठल्या रनमधून आलं याची नोंद ठेवायची. शोध त्या जोडलेल्या ओळीत घ्यायचा. जुना शब्द जिथे सुरू होतो त्या रनमध्ये नवा शब्द घालायचा, पुढच्या रनमधून जुन्याची उरलेली अक्षरं तेवढी खोडायची. परिच्छेदात शब्द अनेकदा आला असेल तर शेवटून सुरुवातीकडे या, नाहीतर पहिल्या बदलानंतर सगळे हिशेब सरकतात. आणि एक लक्षात ठेवा, दस्तऐवजाचे परिच्छेद मागितले तर पायथन-डॉक्स तक्त्यांतले परिच्छेद देत नाही. ते वेगळे फिरून गोळा करावे लागतात.

हे सगळं करून मी प्रोग्रॅम चालवला. पशुपालनाच्या प्रकरणात ‘धाराशिवी शेळी’ अवतरली. (हशा) उस्मानाबादी ही शेळीची जात आहे. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून जातीचं बदलत नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, ‘पूर्ण शब्दच शोध’ असं सांगू. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्यासाठी बॅकस्लॅश बी ही शब्दसीमेची खूण असते. ती लावली आणि प्रकार उलटाच झाला. शेळी पुन्हा बदलली, पण ‘उस्मानाबादला’, ‘उस्मानाबादचे’ हे बदलायला हवे होते ते तसेच राहिले!

कारण ऐका. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. देवनागरीतली मात्रा किंवा वेलांटी युनिकोडमध्ये ‘अक्षर’ नाही, ‘खूण’ आहे. म्हणून ‘उस्मानाबादी’मध्ये ‘द’नंतर वेलांटी आली की त्याला वाटतं शब्द संपला. ‘उस्मानाबादला’मध्ये ‘द’नंतर ‘ल’ हे खरं अक्षर येतं, म्हणून त्याला वाटतं शब्द चालूच आहे. ‘मन’ शोधायला गेलात तर ‘मनात’मध्येही सापडेल, त्याचं कारण हेच.

शेवटी मी बदलणं थांबवलं आणि आधी यादी काढली. ‘उस्मानाबाद’ने सुरू होणारी प्रत्येक रूपं, पुढची देवनागरी चिन्हं संपेपर्यंत, आणि प्रत्येक किती वेळा आलंय ते. यादी एका पानात मावली. ‘ला’, ‘चा’, ‘च्या’, ‘हून’ यांवर बरोबरची खूण, शेळीवर फुली, ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवमध्ये’ करायचं. प्रोग्रॅमने फक्त मंजूर रूपं बदलायची.

तरी एक जागा उरली, आणि ती सगळ्यांत वाईट होती. अहवालात जुन्या आदेशांचे उतारे अवतरणचिन्हांत होते. तिथलंही नाव मी बदलून टाकलं होतं. 2011च्या आदेशात ‘धाराशिव’! आता तो उतारा मूळ कागदाशी जुळत नाही. कुणी तो पुरावा म्हणून पुढे केला असता तर खोटा ठरला असता. कार्यालयातल्या एका बाईंच्या ते लक्षात आलं, माझ्या नाही. मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. इथे रूपांची यादी कामाची नाही, कारण रूप तेच असतं. त्यासाठी प्रत्येक जागा, मागेपुढे आठदहा शब्दांसह, छापून माणसाने वाचायची.

(श्रोत्यांतून प्रश्न: वर्डमध्येच मॅक्रो लिहिला तर?)

चांगला प्रश्न. रनची कटकट तिथे नाही, वर्डचा स्वतःचा शोध तुकडे ओलांडून शब्द पकडतो. पण मॅक्रो मुख्य मजकुरावर चालवला तर मथळा आणि तळटीपा राहतात, त्या भागांतून वेगळं फिरावं लागतं. आणि मॅक्रो चालवण्याआधी बदलांचा माग ठेवण्याची सोय चालू करा, म्हणजे प्रत्येक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. शेळी मात्र तिथेही तुम्हालाच ओळखावी लागेल.